चौथ्या सहीपासून पुढे

माणूस माझ्या टेबलाशी एकटा येतो तेव्हा एक असतो, आणि चौघांना सोबत घेऊन येतो तेव्हा दुसराच असतो. हे विधान मी कोणत्याही ग्रंथातून उचललेले नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले; त्यापुढे ते गणितामुळे आणि वडिलांच्या दम्यामुळे थांबले. परंतु तहसील कचेरीच्या कुंपणाबाहेर, पत्र्याच्या शेडखाली, अर्जनवीस या नात्याने माझी उमर गेली, आणि मनुष्य असा का वागतो या विषयावर बोलण्याचा अधिकार मला त्या शेडने दिला आहे, असे मी मानतो.

ज्यांना हा व्यवसाय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. सरकारकडे काही मागायचे, कळवायचे अथवा कोणाची तक्रार करायची तर ती कागदावर मांडावी लागते. ज्याला मांडता येत नाही तो माझ्याकडे येतो. तो बोलतो, मी ऐकतो, आणि त्याच्या बोलण्यातून रडणे, शिव्या व सोयरीक वगळून जे उरते ते लिहितो. शेवटी संपूर्ण मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवतो. त्यानंतरच त्याची सही किंवा अंगठा घेतो, आणि खाली कोपऱ्यात लिहितो : ‘अर्जदारास वाचून दाखविले, समजले, मान्य आहे.’ त्याखाली माझी सही. आता शेजारी संगणकाची दुकाने झाली आहेत, तेथे छापील नमुने ताबडतोब मिळतात. तरी लोक माझ्याकडे येतात, कारण संगणक ‘मंग पुढं काय झालं?’ असे विचारत नाही.

वाचून दाखवणे हा माझ्या धंद्याचा प्राण आहे. एक बाई सुनेविरुद्ध अर्ज लिहून घेण्यासाठी आली होती. ती बोलत गेली, मी लिहीत गेलो. वाचून दाखवू लागलो तेव्हा ती स्टुलावर चुळबुळ करू लागली, आणि अर्ध्यावरच तिने माझा हात धरला. “थांबा हो. इतकी वाईट न्हाई ती.” कागद तिने स्वतः फाडला आणि माझी मजुरी मात्र पूर्ण दिली. आपलेच बोलणे दुसऱ्याच्या आवाजात ऐकू आले की माणूस त्याच्यापासून एक पाऊल मागे सरतो, हे मी त्या दिवशी शिकलो. दुसरा एक गृहस्थ थेट आष्टीहून, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून आला. तुमच्या तालुक्यात अर्जनवीस नाहीत का, असे मी विचारले. तो म्हणाला, “हायेत की. पण तिथं मला समदे वळखतात. तिथं मी असा माणूस न्हाई.” या वाक्यावर मी आजही विचार करतो.

धंद्याची एक युक्तीही सांगून टाकतो. सकाळी शेड उघडल्यावर दोन ओळखीचे इसम मी टेबलाशी चहाला बसवून ठेवतो. खेड्यातून आलेला माणूस एसटीतून उतरला की रिकाम्या टेबलाकडे जात नाही. जेथे माणसे आहेत तेथे जातो. शेजारचा अर्जनवीस माझ्याहून जुना, अक्षर मोत्यासारखे. पण त्याला चहा पाजण्याचा कंटाळा आहे.

एकट्याच्या अर्जापेक्षा सामूहिक निवेदन ही निराळी जात आहे. त्यात मजकूर एक असतो आणि सह्या पुष्कळ. अशी निवेदने मी इतकी लिहिली आहेत की सही करणाऱ्याची मान पाहून मला त्याचे मन कळते. पहिला माणूस मजकूर वाचतो. दुसरा मजकूर वाचल्यासारखे करतो. तिसरा, वर कोण आहे ते वाचतो. चौथ्यापासून पुढे कोणीही मजकुरावर सही करत नाही. वरच्या सहीवर सही करतो. हा माझा सिद्धांत आहे. तो मी अनेकांना ऐकवला आहे आणि आजवर कोणी खोडून काढलेला नाही. मात्र गेल्या उन्हाळ्यात तो सिद्धांत उलटून माझ्याच अंगावर आला. तेव्हापासून मला टेबलाशी स्वस्थ बसवत नाही. तेच येथे लिहितो.

गावाचे नाव लिहीत नाही. धावड्याच्या बाजूचे एक गाव, एवढे पुरे. माणसांची नावेही बदलली आहेत, फक्त रशीदभाईंचे खरे ठेवले आहे. त्यांची परवानगी घेतली. ते म्हणाले, “घाला साहेब. माझ्या नावानं अर्ज झाल्ता, मंग लेखाला काय?”

रशीदभाई त्या गावच्या ग्रामपंचायतीकडे पाणी सोडण्याचे काम करतात. उन्हाळ्यात टाकी रोज भरत नाही. भरते तेव्हा एकेका गल्लीला पाळीने पाणी द्यावे लागते. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जमिनीत व्हॉल्व्ह असतो. लोखंडाची लांब चावी घालून तो फिरवायचा, ठरलेल्या वेळाने बंद करायचा आणि पुढच्या गल्लीला जायचे, असे ते काम. त्यांचे वडीलही हेच करत. त्या चावीला गावात मोठी किंमत आहे. बाया हंडे घेऊन वाट पाहतात आणि व्हॉल्व्ह बंद झाला की प्रत्येकीला तो लवकर बंद झाल्यासारखा वाटतो.

चैत्राच्या उन्हात भगवानराव नावाचे तेथील वजनदार गृहस्थ जीपमधून चौघांसह माझ्याकडे आले.

“साहेब, कडक अर्ज पाहिजे. वाचणाऱ्याला घाम फुटला पाहिजे.”

“कोणाविरुद्ध?”

“आमचा पाणी सोडणारा. रशीद. मनाला येईल तसं करून राह्यला. एका गल्लीला धोधो, दुसरीला थेंब.”

“तुमच्या घरी पाणी येत नाही?”

भगवानरावांनी सोबतच्या चौघांकडे पाहिले. “माझ्या घरी बोअर हाय हो. माझं काय म्हणणं असणार? गाव म्हणतंय.”

“गावात नेमके कोण?”

“आता कोणाकोणाचं नाव सांगू? समदं गाव म्हणतंय. काय रे?”

चौघांनी माना हलवल्या. त्यातला एक मागून म्हणाला, “त्याच्या लोकायला जास्त सोडतो म्हणत्यात.” ‘त्याच्या लोकांना’ हे शब्द मी मसुद्यात घेतले नाहीत. पुरावा नसलेली गोष्ट मी लिहीत नाही, आणि अशा शब्दांना एकदा कागद मिळाला की ते कागदावर थांबत नाहीत, हे मला ठाऊक आहे. बाकीचा अर्ज मात्र मी मन लावून लिहिला. ‘सदर कर्मचारी मनमानी, पक्षपात व कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करीत असून सबब त्यास तात्काळ कामावरून कमी करणेत यावे.’ भगवानरावांनी तो ऐकला आणि मांडीवर थाप मारली. “बिलकुल! याला म्हणतात अर्ज.” मलाही समाधान वाटले, हे नाकारत नाही.

अर्ज सह्यांसाठी गावात गेला आणि काही दिवसांनी परत आला तेव्हा मागची कोरी पाने सह्या आणि अंगठ्यांनी भरली होती. ग्रामसभा जवळ आली होती. तेथे अर्ज वाचला जाणार आणि रशीदभाईंना काढण्याचा ठराव होणार, हे ठरल्यासारखे होते. फक्त कोपऱ्यातली माझी सही बाकी होती.

“हे अंगठे वाचून दाखवून घेतले का?” मी विचारले.

“आता प्रत्येकाच्या दारात कुठं वाचत बसता?” भगवानराव म्हणाले. “टाका की सही. गावानं केली, तुम्हाला काय धाड भरली?”

“जे मी वाचून दाखवले नाही, त्याखाली ‘वाचून दाखविले’ असे मी लिहीत नाही. अर्ज राहू द्या माझ्याजवळ. बाजारच्या दिवशी बघू.”

हा माझा हट्ट केवळ नियमाचा होता. त्यामागे रशीदभाईंविषयी दयामाया होती असे कोणी समजू नये. तोपर्यंत मी त्यांना पाहिलेलेही नव्हते.

आठवडी बाजाराच्या दिवशी शेडमध्ये गर्दी असते. पहिला इसम वांग्याची पिशवी घेऊन आला, मागे वळून पाहत बसला.

“साहेब, त्या अर्जातून एखादं नाव कमी करता येतं का?”

“कोणाचे?”

“असंच. एखाद्याचं.”

मी पेन खाली ठेवले. तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, “माझं काही म्हणणं न्हाई हो रशीदवर. पण गावानं सह्या केल्या, मी एकटाच उलटा बोललो तर गावात राहायचं कसं? कोणाला सांगू नका.”

मी कोणाला सांगितले नाही. एका अर्जदाराचे बोलणे दुसऱ्या अर्जदाराच्या कानी जाऊ द्यायचे नाही, हा आमच्या टेबलाचा धर्म आहे. तो मोडला तर या टेबलाशी मन मोकळे करायला कोण येईल?

तो गेला आणि दुसरा आला. मग तिसरा. एक तर त्या जीपमधल्या चौघांपैकीच होता. प्रत्येकाची सुरुवात निराळी आणि शेवट सारखा : माझं काही म्हणणं न्हाई, पण गाव म्हणतंय, कोणाला सांगू नका. एकाने तर आपले म्हणणे पटवण्यासाठी मलाच सांगितले, “त्याच्यावर लई गंभीर आरोप हायेत म्हणे. हेतुपुरस्सर कसूर करतो.” तो शब्द माझा होता. मी टेबलाशी बसून, चांगला बसतो म्हणून घातलेला शब्द गावात जाऊन पुरावा होऊन परत आला होता. मला घाम फुटला. भगवानरावांना हवा होता तो कडकपणा असा माझ्यावरच उतरला.

दुपारी चहाच्या गाड्यावर स्वतः भगवानराव भेटले. त्यांनी मला बाजूला घेतले.

“साहेब, खरं सांगू? माणूस बेकार न्हाई तो. माझा बाप गेल्ता तेव्हा भर उन्हाळ्यात मांडवापाशी पाणी आणून दिलं त्यानं. मी मागितलं बी नव्हतं.”

“मग अर्ज मागे घ्या.”

“आता?” त्यांनी कप खाली ठेवला. “आता मी मागं सरलो तर लोक म्हणतील, रशीदनं ह्याच्या घरी जास्तीचा नळ दिला. गाव ऐकंना साहेब. मी काय करू?”

म्हणजे संपूर्ण गाव एका माणसाला कामावरून काढायला निघाले होते, आणि त्या गावात त्याला काढावे असे वाटणारा एकही इसम मला सापडत नव्हता. हे फक्त मला ठाऊक होते. आणि ते बोलायला मला माझाच धर्म बंदी करत होता. त्या आठवड्यात मला जेवण गेले नाही. लिहिताना पेन थांबे. मी उठून शेडच्या बाहेर जाई, आत येई, पुन्हा बाहेर जाई. पत्नीने विचारले, “अंगात मुंग्या भरल्या का तुमच्या?” तिला काय सांगणार? सांगणे हेच तर बंद होते.

आणि मग रशीदभाई स्वतः आले.

सायकल कुंपणाला टेकवून ते जमिनीकडे पाहत स्टुलाच्या काठावर बसले. अंगाने वाळलेले, दाढी पांढरी, हाताच्या तळव्यांना लोखंडाचे घट्टे.

“साहेब, राजीनामा लिहायचा.”

“का?”

“गाव म्हणतंय.”

“तुम्हाला कोणी म्हणाले?”

“तोंडावर कोन बोलतंय साहेब. पर सलाम केला की लोक खाली बघून राह्यले. समझ में आता ना.” ते हसले. “काढलं असं ऐकण्यापेक्षा आपणच उठावं. घरगुती कारण लिहा. सोप्या शब्दात लिहा, तुमच्या त्या अर्जासारखं नको.”

“तो अर्ज तुम्ही पाहिला?”

“पाहिला न्हाई. ऐकला. गल्लीत पोरं पाठ म्हणून राह्यली. मनमानी, पक्षपात. चाल बी लावली.”

“राजीनामा देऊन पुढे काय करणार?”

“जालन्याला सळईच्या कारखान्यात भट्टीपाशी माणूस घेतात म्हणे. पर ह्या उमरीत भट्टी…” ते थांबले. “व्हॉल्व्हला कान लावला की मला कळतं, पाणी कुठं पोचलं. अब्बानं शिकवलं. ते तिथं काय कामाचं?”

मी राजीनामा लिहिला. वाचून दाखवला. मध्येच त्या बाईसारखे ते माझा हात धरतील अशी मला आशा होती. त्यांनी शांतपणे ऐकले आणि उर्दू वळणाच्या मराठीत सही केली. मी कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला आणि म्हणालो, “हा ग्रामसभेतच द्यायचा असतो. मी घेऊन येतो.” असा कोणताही नियम नाही. परंतु त्या क्षणी तो मला सुचला आणि मी तो अमलात आणला.

मी कधी कोणाच्या गावी जात नाही. गाव माझ्याकडे येते. त्या दिवशी मात्र शेड बंद करून एसटीने गेलो. शाळेच्या आवारात सभा भरली होती. ग्रामसेवक टेबलाशी, गडीमाणसे सतरंजीवर, बाया भिंतीच्या सावलीला, आणि रशीदभाई पार मागे, चावी आडवी मांडीवर घेऊन. सभा संपल्यावर त्यांची पाणी सोडण्याची वेळ होती.

मी उभा राहिलो आणि माझ्या शेडमधल्या आवाजात सांगितले, “या अर्जावर माझी सही बाकी आहे. मी वाचून दाखवल्याशिवाय सही करत नाही. आता वाचतो. त्यानंतर एकेकाचे नाव घेईन. ज्याचे नाव घेतले त्याने स्वतःचे म्हणणे सांगावे, ते मी लिहून घेईन. ‘गाव म्हणतंय’ हे दोन शब्द मात्र मी लिहून घेणार नाही.”

मी कोणाचे गुपित फोडले नाही. फक्त माझा नियम पाळला, तो थोडा ताणून.

अर्ज वाचून झाला. मी पहिले नाव घेतले. भगवानराव उठले, टोपी सारखी केली.

“माझ्याकडं तर बोअर हाय… माझं असं खास… पुढच्याला विचारा.”

पुढचा उठला. “भगवानराव म्हणले म्हणून मी…”

“मी कधी म्हणलो? तूच आल्ता माझ्याकडं!”

“मी आल्तो ते वेगळ्या कामाला!”

तिसरा उठलाच नाही. त्याने मान घालून “बराबर हाय” एवढेच म्हटले. काय बरोबर आहे, ते मी विचारले. त्याने मान आणखी खाली घातली. येथे जर सगळे गप्प बसले तर ग्रामसेवक ‘मंजूर’ लिहून मोकळा होणार होता.

चौथा अंगठा अंजनाबाईंचा होता. भिंतीच्या सावलीतली, पाठीला बाक आलेली म्हातारी. हातावर मिसरी होती.

“आजी, तुमची तक्रार काय?”

“कसली तक्रार बाबा? मला म्हणले, पाण्याचा कागद हाय, अंगठा दे, पाणी वाढंल. मी दिला. ह्या कागदात पाणी कुठंच न्हाई की. नुसता रशीदच हाय.”

कोणीतरी फिस्कन हसले. म्हातारी त्या बाजूला वळली.

“हसायला काय झालं रं? त्याच्या लोकायला जास्त सोडतो म्हणता, त्याच्या गल्लीत गेला का कधी? शेवटची गल्ली ती. तिथं पोचस्तोवर टाकी मोकळी. त्याची बायको माझ्या दारातून घागर भरून नेती. तिला इचारा, ती तिथं बसली.”

बायांमधली एक पदर पुढे ओढून जमिनीकडे पाहू लागली.

मी पाचवे नाव घेतले. “माझी काही तक्रार न्हाई,” तो म्हणाला, आणि इकडेतिकडे पाहिले. सहावा मी नाव घेण्याआधीच उठला. “माझी बी न्हाई.” मग जणू बांध फुटला. न्हाई, न्हाई, बिलकुल न्हाई. कोणी सांगितले, रशीद आजारपणातही कामाला आला होता. कोणी सांगितले, त्याने लग्नात टाकी भरून दिली. ज्यांनी माझ्या टेबलाशी कुजबुज केली होती ते आता हात वर करून बोलत होते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि क्षणभर झालाही. परंतु मी त्यांच्या माना पाहत होतो. बोलण्याआधी प्रत्येक जण वर पाहत होता, आपल्या आधी कोण काय बोलला ते. चौथ्यापासून पुढे तेच चालले होते, फक्त दिशा बदलली होती.

आणि मग कोणीतरी विचारले, “मंग हे सुरू कोणी केलं?”

सगळ्यांच्या नजरा भगवानरावांकडे गेल्या.

“जीप कोणाची गेल्ती तालुक्याला?”

“गावाला येड्यात काढलं ह्यानं!”

“साहेब, लिहा! दिशाभूल केली म्हणून लिहा भगवानरावावर. आता इथंच सह्या करतो. लिहा, गाव म्हणतंय!”

जो ओरडत होता तो वांग्याच्या पिशवीवाला होता. भगवानराव खाली पाहत होते. रशीदभाई माझ्या स्टुलावर बसले होते तेव्हा जसे पाहत होते, तसेच. माझ्या हातात पेन होते, पुढे कोरा कागद होता, आणि माझी बोटे सवयीने समासाची रेघ ओढू लागली होती, हे मला रेघ ओढून झाल्यावर कळले. मी पेनाचे टोपण लावले. “एका बैठकीत मी एकाच विषयाचा अर्ज लिहितो,” असे म्हणालो. हाही नियम मी तेथेच तयार केला.

मागून रशीदभाई उठून आले. गलका आपोआप ओसरला.

“माझ्यापायी कोणावर अर्ज नको,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून हात पुढे केला. “साहेब, माझा कागद द्या.”

“आता कशाला?” खिशातून राजीनामा काढत मी म्हणालो. “आता गाव राहा म्हणतंय.”

हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि मला ते ऐकू आले. ज्या शब्दांना मी घटकाभरापूर्वी बंदी घातली होती, तेच.

रशीदभाई हसले. “गाव आता म्हणून राह्यलं. सकाळी काय म्हणत व्हतं? गावाचं सोडा साहेब. तुमचं काय म्हणणं हाय? तुमचं. मी राहू का जाऊ?”

प्रश्न साधा होता. गेल्या कित्येक वर्षांत हजारो लोकांना ‘तुमचे म्हणणे काय’ असे विचारणाऱ्या मला तो कोणी कधी विचारला नव्हता. उत्तर माझ्यापाशी होते. ते तोंडात आले होते. परंतु ते उच्चारण्याआधी मी मान वर केली आणि सतरंजीवरच्या माणसांकडे एक नजर टाकली. भगवानरावांकडे, ग्रामसेवकाकडे, भिंतीच्या सावलीकडे.

ती नजर रशीदभाईंनी पाहिली. व्हॉल्व्हला कान लावून पाणी कुठे पोचले ते ओळखणारा माणूस तो.

“राहू द्या,” ते म्हणाले. राजीनामा माझ्या हातातून घेऊन त्यांनी सदऱ्याच्या वरच्या खिशात घातला. “सुचलं की सांगा. तवर हा इथं असू द्या. पाण्याचा टाइम झाला.” आणि चावी खांद्यावर टाकून ते गेले. बाया हंडे उचलून त्यांच्या मागे निघाल्या. सभा संपल्याचे ग्रामसेवकाने नंतर जाहीर केले.

रशीदभाई अजून तेथेच पाणी सोडतात. शेवटच्या गल्लीला आता आधी सोडावे, असे ठरले. भगवानरावांवरचा अर्ज झाला नाही. तो राग बाजारच्या दिवसापर्यंत टिकला नाही. मात्र भगवानराव आता सभेला येतात तेव्हा मागे बसतात, असे ऐकतो. राजीनामा रशीदभाईंच्या खिशातच आहे. सदरा धुवायला टाकताना ते तो दुसऱ्या सदऱ्यात ठेवतात, असे त्यांच्या बायकोने अंजनाबाईंना सांगितले आणि अंजनाबाईंनी मला.

मी मात्र माझी कामाची पद्धत बदलली. सामूहिक निवेदनावर सह्या घेताना वरच्या सह्यांवर मी आता जाड पुठ्ठा ठेवतो. लोक वैतागतात. “अहो, वर कोण हाय ते तर बघू द्या!” मी सांगतो, “वर कोणी नाही. पहिली सही तुमचीच समजा.” बरेच जण उठून शेजारच्या अर्जनविसाच्या टेबलाशी जातात. त्याच्याकडे हल्ली गर्दी असते. थोडे लोक बसतात, पुठ्ठ्याकडे पाहतात, मग मजकुराकडे पाहतात, आणि ‘पुन्हा वाचा’ म्हणतात. मी पुन्हा वाचतो.

रशीदभाई एकदा नव्या पाइपलाइनच्या मागणीवर सही करायला आले होते. त्यांनी मजकूर दोनदा ऐकला, सही केली, पुठ्ठ्याला बोटही लावले नाही. उठताना खिशावर हात ठेवून म्हणाले, “साहेब, जवाब बाकी हाय.” शेडमध्ये तेव्हा पाचसहा माणसे होती. मी कागद सारखे करत बसलो.

रशीदभाई मराठी चांगली वाचतात. हा लेख छापला जाईल तो अंक मी त्यांना स्वतः नेऊन देणार आहे. म्हणून येथे लिहितो : तुम्ही राहावे. हे माझे म्हणणे आहे, गावाचे नाही. खिशातला कागद फाडून टाकावा, ही नम्र विनंती.

संपादकांनी हा लेख मागितला तेव्हा, अंकात आणखी कोण कोण लिहिणार आहे, असे विचारावेसे मला फार वाटले. जिभेवर आले होते. विचारले नाही. लेख एकट्यानेच मोठ्याने वाचून पाहिला. समजला. मान्य आहे. खाली सही करतो.